इलेक्ट्रिक गाडी घ्यायचीय, पण घरात भांडण गाडीवरून नाही, मालकावरून चाललंय

पारिजात_७
आमची पेट्रोल गाडी बारा वर्षांची झाली, आता इलेक्ट्रिकच घ्यायची एवढं घरात ठरलंय आणि त्यापुढे काहीच ठरत नाहीये. कागदावर चार नावं आहेत. टेस्ला मॉडेल वाय, बीवायडी सीलायन ७, किया ईव्ही६ आणि फोक्सवॅगन आयडी.४. रोजचं येणंजाणं चाळीस-पन्नास किमी, महिन्यातून एखादा लांबचा प्रवास, घरी चार्जर बसवता येतो, माणसं चार, त्यातल्या सासूबाईंना गुडघ्यामुळे चढउतार करताना त्रास होतो. हा झाला सरळ हिशोब.
आता वाकडा भाग. मला मॉडेल वाय आवडलेली, तर नवरा म्हणतो मस्कच्या कंपनीला आपल्या घरातून एक पैसा जाणार नाही. बरं मग बीवायडी बघू म्हटलं तर दीर म्हणाले चिनी नको. फोक्सवॅगन म्हटल्यावर त्यांनीच डिझेलचा घोटाळा काढला. म्हणजे आता गाडी बघायची का कंपनीच्या सात पिढ्यांचं चरित्र? तुम्ही कसं ठरवलंत ते लिहा. नुसतं "हीच घ्या" नको, का ते सांगा.

खडीसाखर
आम्हीपण याच रांगेत. रुमाल टाकून ठेवते.

निवांत_काका
ताई, गाडी घ्यायचीय ना, सोयरीक थोडीच जुळवायचीय. टेस्ला काढली २००३ मध्ये मार्टिन एबरहार्ड आणि मार्क टार्पेनिंग या दोघांनी, मस्क पैसे घेऊन आला २००४ ला. त्यानंतर त्यात राबले ते हजारो इंजिनियर. २०१२ ला मॉडेल एस आली तोवर इलेक्ट्रिक गाडी म्हणजे हौशी लोकांचं खेळणं असाच समज होता, तो या लोकांनी मोडला. २०२३ मध्ये मॉडेल वाय ही जगातली सगळ्यात जास्त खपलेली गाडी होती, इलेक्ट्रिकमधली नाही हां, पेट्रोल डिझेल सगळं धरून. गाडी चांगली तर घ्या, मालक संध्याकाळी काय बडबडतो त्याच्याशी आपल्याला काय करायचंय.

कडूकारलं
काका, मालक वेगळा गाडी वेगळी हे बाकीच्या कंपन्यांना लागू पडतं कारण त्यांचा मालक रस्त्यात समोर आला तरी आपण ओळखणार नाही. इथे त्या माणसाने वर्षानुवर्षं जाहिरातीवर खर्च न करता स्वतःलाच जाहिरात केलं, लोकांनी गाडीबरोबर त्यालाही विकत घेतलं, मग आता तो नकोसा झाल्यावर गाडीही नकोशी झाली तर रडायचं कशाला. २०२२ ला ट्विटर घेतलं, २०२४ च्या निवडणुकीत ट्रंपच्या मागे पैसा ओतला, जानेवारी २०२५ मध्ये व्यासपीठावरून हाताची ती खूण केली जिच्यावरून नाझी सलामाचा वाद पेटला (त्याने आरोप उडवून लावला, ते असो), जर्मनीत एएफडी या कडव्या उजव्या पक्षाचा प्रचार, वर ट्रंप सरकारात जाऊन सरकारी नोकऱ्यांवर कात्री चालवणारं ते डोज नावाचं खातं. शोरूमसमोर निदर्शनं झाली. ज्यांच्याकडे गाडी आधीपासून आहे ते बिचारे मागे स्टिकर लावून फिरतायत की बाबांनो त्याचं डोकं फिरायच्या आधी घेतलीये.
आणि स्वीडनमध्ये टेस्लाच्या मेकॅनिकांचा संप ऑक्टोबर २०२३ मध्ये सुरू झाला तो वर्षं उलटली तरी चालूच, कारण कंपनी युनियनशी सामूहिक करार करायला तयार नाही. मला त्या सलामापेक्षा हे जास्त महत्त्वाचं वाटतं. गाडी दुरुस्त करणाराच रस्त्यावर बसलाय.

आकडेमोड
भावना बाजूला ठेवून आकडे बघा. टेस्लाने २०२३ मध्ये साधारण १८.१ लाख गाड्या दिल्या, २०२४ मध्ये १७.९ लाख, म्हणजे मस्कचं राजकारण टिपेला पोचायच्या आधीच वार्षिक विक्री पहिल्यांदा घसरली. २०२५ मध्ये १६.४ लाखांच्या आसपास. उलट बीवायडी, नुसत्या बॅटरीवरच्या गाड्या धरल्या तर, २०२४ मध्ये १७.६ लाख आणि २०२५ मध्ये २२.५ लाखांच्या वर. म्हणजे पहिला नंबर गेला.
२०२५ च्या पहिल्या तिमाहीत १३ टक्के घसरण झाली तेव्हा सगळे बहिष्कार बहिष्कार ओरडत होते, पण त्याच तिमाहीत नव्या मॉडेल वायसाठी चारही कारखान्यांत लाइन थांबवून बदल चालले होते. त्यात बहिष्कार किती, कारखाने थांबल्यामुळे किती आणि स्पर्धेमुळे किती हे वेगळं काढता येत नाही. जो काढून दाखवतो तो आपल्याला हवं तेच काढतो.

कडूकारलं
म्हणजे बहिष्कार झालाच नाही असं म्हणायचंय का?

आकडेमोड
असं कुठे म्हटलं? वेगळा काढता येत नाही म्हटलं. चष्मा पुसा.

पारिजात_७
भांडू नका हो, मला गाडी घ्यायचीय. बीवायडीबद्दल कुणी सांगेल का? चिनी नको या मुद्द्यात किती तथ्य आहे?

उंबरठा
"चिनी" म्हणजे नक्की काय ते आधी दिरांना विचारा. व्होल्वो २०१० पासून चीनच्या गिलीची आहे, एमजी नाव इंग्रजी पण मालक चीनचीच सैक, पोलस्टारमागेही गिलीच. युरोपने ऑक्टोबर २०२४ मध्ये चीनमधून येणाऱ्या इलेक्ट्रिक गाड्यांवर जादा कर बसवला त्यात बीवायडीला १७ टक्के, गिलीला १८.८, सैकला ३५.३ आणि शांघायहून येणाऱ्या टेस्लालाही ७.८ लागला. म्हणजे दिरांच्या व्याख्येने टेस्लाही अर्धी चिनीच. कॅटल या चिनी कंपनीच्या बॅटऱ्या तर टेस्ला, बीएमडब्ल्यू, फोक्सवॅगन अशा कितीतरी गाड्यांत आहेत. वरचं बोधचिन्ह बघून देश ठरवायचे दिवस गेले.
बीवायडीची गंमत अशी की ती मुळात गाडीवाली कंपनीच नाही. १९९५ मध्ये शेन्झेनला बॅटऱ्या बनवायला सुरुवात केली, गाड्या नंतर आल्या. त्यामुळे बॅटरीच्या सेलपासून मोटारीपर्यंत बरंचसं स्वतः बनवतात आणि म्हणून भावात त्यांच्याशी भिडणं कुणालाही जड जातं. मार्च २०२२ पासून नुसत्या पेट्रोलवर चालणाऱ्या गाड्या बंदच केल्या.

कडूकारलं
आणि ब्राझील? कामासारीला त्यांचा कारखाना उभा राहत होता तिथून डिसेंबर २०२४ मध्ये १६३ चिनी मजूर सोडवले, तिथल्या अधिकाऱ्यांच्या शब्दांत गुलामगिरीसारख्या परिस्थितीतून. ठेकेदार आमचा नव्हे छाप उत्तर आलं असेल तरी बांधकाम कुणाचं चाललं होतं?

निवांत_काका
आणि फोक्सवॅगनने २०१५ पर्यंत लाखो डिझेल गाड्यांत असं सॉफ्टवेअर टाकलं होतं जे चाचणी चालू आहे हे ओळखून धूर कमी करायचं. घरोघरी मातीच्या चुली. म्हणून म्हणतो चारित्र्याचा दाखला मागत बसलात तर सायकल घ्यावी लागेल, आणि सायकलवाल्याचंही काहीतरी निघेलच.

वाटसरू२१
काका हे मला पटत नाही. सगळेच थोडे काळे म्हणून काळेपणात फरकच नाही असं कसं. धुराचा खोटेपणा पकडला गेला, प्रचंड दंड झाला, अधिकाऱ्यांना शिक्षा झाल्या. ज्या कंपनीला जाब विचारणारं कुणीतरी आहे तिच्यात आणि जिच्या मालकाने स्वतःच सरकारात बसून कात्री चालवली तिच्यात मला तरी फरक दिसतो. ज्याला दिसत नाही त्याने खुशाल घ्यावी. मी काही शेजाऱ्याची गाडी बघून तोंड फिरवणार नाही.

खडीसाखर
+१ वाटसरू.

गणित_कच्चं
मी एक वेगळंच सांगतो. माझ्याकडे तीन वर्षं इलेक्ट्रिक आहे, कंपनीचं नाव लिहीत नाही नाहीतर इथे पुन्हा पानिपत व्हायचं. मोठ्या बॅटरीने कधी त्रास दिला नाही, त्रास दिला त्या छोट्या १२ व्होल्टच्या बॅटरीने! एका सकाळी गाडी मेली, दरवाजा उघडेना, स्क्रीन काळी. मोठ्या बॅटरीत सत्तर टक्के चार्ज आणि गाडी ठोकळा. सर्व्हिस सेंटरने नऊ दिवस ठेवून घेतली, रोज फोन केला की "पार्ट येतोय". त्या नऊ दिवसांत मला कंपनीच्या मालकाचं राजकीय मत एकदाही आठवलं नाही, सर्व्हिस मॅनेजरचं खानदान मात्र रोज आठवत होतं.
त्यामुळे पारिजातताई, घ्यायच्या आधी सर्व्हिस सेंटरला जाऊन एक तास नुसतं बसा. शोरूमला नाही, सर्व्हिसला. किती गाड्या पार्टसाठी उभ्या आहेत ते डोळ्यांनी बघा आणि तिथे आलेल्या मालकांशी गप्पा मारा. सेल्सवाला जे महिनाभर सांगणार नाही ते तिथे दहा मिनिटांत कळतं.

पारिजात_७
हे कुणीच सांगितलं नव्हतं! या शनिवारीच जाते.

चुंबक
मी याच धंद्यातला माणूस आहे (बॅटरीच्या बाजूचा, कुठल्या कंपनीचा ते विचारू नका), सविस्तर लिहितो, कंटाळा आला तर सोडून द्या.
पहिलं म्हणजे गाडीचं नाव विचारायच्या आधी बॅटरीची जात विचारा. एलएफपी म्हणजे लोह-फॉस्फेटवाली, हिच्यात कोबाल्ट नाही निकेल नाही, जास्त वर्षं टिकते, तापली तरी तुलनेने शांत राहते, आणि रोज शंभर टक्के भरली तरी फारसं बिघडत नाही, उलट मधूनमधून पूर्ण भरावीच लागते कारण तिचा व्होल्टेज मधल्या भागात इतका सपाट असतो की किती चार्ज उरलाय ते गाडीलाच नीट कळत नाही. तोटे दोन, तेवढ्याच ऊर्जेला वजन जास्त आणि थंडीत चार्जिंग जास्त रेंगाळतं. दुसरी एनएमसी, निकेल-मँगनीज-कोबाल्ट. हलकी, कमी जागेत जास्त रेंज, पण रोज ८० टक्क्यांवर थांबवलेली बरी, आणि कोबाल्ट बहुतांशी काँगोतून येतं जिथल्या खाणींत लहान मुलं राबतात हे जगजाहीर आहे. म्हणजे नीतीचा प्रश्न मालकापाशी संपत नाही, तो थेट सेलच्या आत जातो. कडूकारलं, याची नोंद घ्या.
बीवायडीची २०२० ची ब्लेड बॅटरी एलएफपीच. बाकीच्या तिघांत कुठल्या व्हेरियंटला कुठली ते वर्ष आणि कारखान्याप्रमाणे बदलतं, त्यामुळे विक्रेत्याकडून लिहून घ्या. तोंडी नको.
दुसरं, रेंज. कागदावरचा आकडा कुठल्या चाचणीचा ते बघा. चीनच्या सीएलटीसी चाचणीत सरासरी वेग ताशी २९ किमीच्या आसपास, युरोपच्या डब्ल्यूएलटीपीत साधारण ४६-४७. तुम्ही हायवेवर ११० ने जाणार. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो, त्यामुळे ९० चे ११० केले तर वेग वाढला २२ टक्के पण हवेचा विरोध वाढला जवळपास ५० टक्के. म्हणून एकच गाडी एकाच आठवड्यात एकाला उत्तम आणि दुसऱ्याला भिकार वाटते. माझा ठोकताळा असा की डब्ल्यूएलटीपीच्या आकड्याचे ७० टक्के धरायचे, त्यातला पुन्हा १० ते ८० टक्के एवढाच चार्ज वापरायचा, आणि तेवढ्यात तुमचा लांबचा प्रवास एका थांब्यात बसतोय का ते बघायचं. बसत असेल तर त्याहून मोठी बॅटरी म्हणजे उगाच ओझं.
तिसरं, चार्जिंगचा सर्वात मोठा आकडा फसवा असतो. "२५० किलोवॉट" हे दोन-तीन मिनिटांचं सुख. विचारायचं ते १० ते ८० टक्क्यांना किती वेळ. ईव्ही६ ची ८०० व्होल्टची रचना आहे, ३५० किलोवॉटच्या चार्जरवर कंपनी १८ मिनिटं सांगते आणि गरम हवेत ते साधारण जमतंही, पण तसा चार्जर तुमच्या वाटेवर नसेल तर ते १८ मिनिटं म्हणजे भिंतीवरचं चित्र. बीवायडीने मार्च २०२५ मध्ये पाच मिनिटांत ४०० किमीचा चार्ज दाखवला, १००० किलोवॉटने. तो निवडक मॉडेलांपुरता आणि खास चार्जरवर, सीलायन ७ घेतली म्हणून घरी बसल्या मिळणार नाही.
आणि रोजच्या पन्नास किमीला घरचा साधा ७ किलोवॉटचा चार्जर दोन तासांत पुरून उरतो. लोक महिन्यातल्या एका प्रवासासाठी गाडी निवडतात आणि उरलेले एकोणतीस दिवस तिच्यात जगतात.

खडीसाखर
चुंबकदादा, हे सगळं कॉपी करून ठेवलंय. वेगळा धागा काढा ना यावर.

तोंडओळख
हायब्रीड घ्या. विषय संपला.

गणित_कच्चं
प्रत्येक धाग्यात एक हायब्रीडवाला हवाच, नाहीतर फाऊल धरतात.

उंबरठा
रिकॉलबद्दल, म्हणजे दोष निघाला म्हणून कंपनी गाड्या परत दुरुस्तीला बोलावते त्याबद्दल, कुणी बोललं नाही म्हणून लिहितो. ह्युंदाई-कियाच्या ईव्हीत आयसीसीयू नावाचा भाग आहे जो मोठ्या बॅटरीवरून छोटी १२ व्होल्टची चार्ज करतो, तो बिघडल्यामुळे २०२४ मध्ये अमेरिकेत दोनदा मोठं रिकॉल झालं. आयडी.४ चं त्याच वर्षी दरवाज्याच्या हँडलमध्ये पाणी शिरतं म्हणून ९८ हजारांहून जास्त गाड्यांचं. टेस्लाचं डिसेंबर २०२३ मध्ये ऑटोपायलटवरून २० लाखांहून जास्त. पण रिकॉल झालं म्हणजे गाडी वाईट असं नाही. टेस्लाचं ते बहुतेकांना घरबसल्या सॉफ्टवेअर अपडेटने मिळालं. तुमच्या हातातली गाडी कुठल्या तारखेची आणि तिच्यावरचं काम झालंय का एवढं व्हीआयएन नंबरवरून (प्रत्येक गाडीचा स्वतःचा ओळख क्रमांक) तपासा.
सासूबाईंसाठी अजून एक. लपलेली, पॉवरवर चालणारी हँडलं सध्या फॅशनमध्ये आहेत आणि अपघातात वीज गेली की तीच जिवावर उठतात. चीनने तर १ जानेवारी २०२७ पासून नव्या मॉडेलांना हाताने उघडणारं हँडल सक्तीचं केलंय. मागच्या दाराचं आतलं हाताने उघडायचं हँडल कुठे आहे ते टेस्ट ड्राइव्हलाच शोधा आणि सासूबाईंना स्वतः उघडून बघायला लावा. काही गाड्यांत ते दाराच्या खिशात, आवरणाखाली असतं.

वाटसरू२१
गाडी तुमच्यावर नजर ठेवते तेही धरा. एप्रिल २०२३ मध्ये रॉयटर्सने छापलं की टेस्लाचे कर्मचारी ग्राहकांच्या गाड्यांच्या कॅमेऱ्यांतल्या खासगी क्लिप आपसात फिरवत होते. डिसेंबर २०२४ मध्ये फोक्सवॅगन ग्रुपच्या सुमारे ८ लाख इलेक्ट्रिक गाड्यांचा डेटा, कित्येकांच्या जागेसकट, क्लाऊडवर उघडा पडलेला सापडला. चिनी गाड्यांबद्दल तर आधीच शंका. तीन खंड, तिन्हीकडे तेच. सेटिंगमध्ये जाऊन डेटा शेअरिंग जितकं बंद होतं तितकं करा.

सुपारी
आमच्यासारख्यांनी सेकंडहँड टेस्ला घेतली तर चालतं का नीतीच्या हिशोबाने? पैसा तर आधीच्या मालकाला जातो, मस्कला नाही.

कडूकारलं
जुन्या गाडीला गिऱ्हाईक मिळालं की तिचा भाव टिकतो, भाव टिकला की नवीन घेणाऱ्याचं धाडस वाढतं. गोल फिरून तिथेच. पण तुम्हाला झोप लागत असेल तर घ्या.

आकडेमोड
रीसेलचं म्हणाल तर हा धडा सगळ्यांना सारखाच आहे. गाड्या भाड्याने देणाऱ्या हर्ट्झने २०२१ मध्ये एक लाख टेस्ला घेणार म्हणून गाजावाजा केला, जानेवारी २०२३ मध्ये टेस्लाने नव्या गाड्यांचे भाव एकदम खाली आणले, जुन्यांचे आपोआप पडले, आणि जानेवारी २०२४ मध्ये हर्ट्झने वीस हजार इलेक्ट्रिक गाड्या विकायला काढल्या. आता चीनमध्येही कंपन्या एकमेकींचे भाव पाडतायत. ज्याला नवीन घेऊन तीन वर्षांत विकायचीय त्याचं हे नुकसान, आणि ज्याला तीन वर्षं जुनी घ्यायचीय त्याची चांदी. बॅटरीची वॉरंटी साधारण ८ वर्षं किंवा १,६०,००० किमी, क्षमता ७० टक्क्यांखाली गेली तर, आणि बहुतेक वेळा दुसऱ्या मालकालाही लागू. फक्त बॅटरीच्या तब्येतीचा रिपोर्ट मागा.

चुंबक
यात भर घालतो. कंपनी टिकेल का हेही बघा. फिस्कर या इलेक्ट्रिक गाड्यांच्या कंपनीने जून २०२४ मध्ये दिवाळं जाहीर केलं, तिची ओशन गाडी घेतलेले लोक पार्ट आणि सॉफ्टवेअर अपडेटसाठी स्वतःच संघटना करून धडपडत बसले. पेट्रोल गाडीची कंपनी बुडाली तर नाक्यावरचा मेकॅनिक कामाला येतो. इथे ॲप आणि सर्व्हर कुणाचा आहे त्यावर निम्मी गाडी चालते. तुमच्या यादीतल्या चार कंपन्यांना तो धोका सध्या नाही, पण कुणी स्वस्त नवीकोरी अनोळखी कंपनी दाखवली तर आठवा.

पारिजात_७
दोन आठवडे गायब होते, आता लांबलचक लिहिणार आहे.
मी एक प्रयोग केला. चारही गाड्या चालवल्या, सर्व्हिस सेंटरला जाऊन बसले (एका ठिकाणी चहासुद्धा मिळाला, एका ठिकाणी तासभर कुणी विचारलं नाही), आणि घरी येऊन तक्ता केला. नावं लिहिलीच नाहीत, अ ब क ड. काय लिहिलं ते इथे देते, तुम्हीपण नावाशिवाय मत द्या.
अ. चालवायला फारच मजा, शांत, पण मागे बसल्यावर जमीन उंच असल्यामुळे गुडघे वर येतात, सासूबाई म्हणाल्या पाटावर बसल्यासारखं वाटतं. सर्व्हिस जवळ. पार्टसाठी तीन गाड्या उभ्या.
ब. सगळं स्क्रीनमध्ये, काच पुसायलासुद्धा दोनदा बोट लावलं, पण चार्जिंगचं नियोजन गाडी स्वतः इतकं छान करते की डोकं चालवावंच लागत नाही. मागे जागा भरपूर. सर्व्हिस लांब पण माणूस घरी येऊन बरंच काम करतो.
क. आत बसल्यावर घरातल्या सोफ्यासारखं, बॅटरी एलएफपी असं लिहून दिलं, सूचनांचा टुणटुण आवाज मात्र थांबत नाही, वेगमर्यादा, लेन, डोळे मिटले, डोळे उघडले, सगळ्यावर बोलते. सासूबाईंनी तिला धाकटी जाऊ असं नाव ठेवलं.
ड. काहीच विशेष नाही आणि काहीच खटकलं नाही. चढउतार सगळ्यात सोपा. सॉफ्टवेअर जरा मठ्ठ. सर्व्हिसमधला माणूस नीट बोलला, किती दिवस लागतात ते खरं सांगितलं (खरं वाटलं तरी).

गणित_कच्चं
ड. डोळे झाकून. खरं बोलणारा सर्व्हिसवाला म्हणजे उंबराचं फूल.

निवांत_काका
ब. माणूस घरी येतोय ना, मग झालं.

कडूकारलं
माझंही ब. नियोजन आणि जागा दोन्ही आहे.

आकडेमोड
कडूकारलं, ब कुठली असेल असं वाटतं तुम्हाला?

कडूकारलं
...
थांबा.
नाही नाही, स्क्रीन तर सगळ्यांनाच असते हल्ली.

खडीसाखर
😂😂 मी नुसती वाचतेय पण आज पैसे वसूल.

उंबरठा
कडूकारलं, मत बदलायची मुभा आहे हो, मतदान गुप्त आहे.

कडूकारलं
हसा. पण मी गाडी वाईट आहे असं वर कुठेच म्हटलेलं नाही, पुन्हा वाचा. चांगली आहे म्हणूनच तर सोडायला त्रास होतो. वाईट वस्तूवर बहिष्कार टाकायला काय जातंय.

वाटसरू२१
हे मात्र खरंय.

सुपारी
नवऱ्याने कुठली निवडली ते सांगा ताई, खरी उत्सुकता ती.

पारिजात_७
त्यानेही ब! नाव सांगितल्यावर पाच मिनिटं गप्प, मग म्हणाला गाडी छान आहे, मान्य, पण मी रोज सकाळी तिच्यात बसणार, बातम्यांत त्या माणसाचं काही आलं की माझी चिडचिड होणार आणि ती चिडचिड मी घरी घेऊन येणार. आधी मला हसू आलं. नंतर वाटलं की पाटावर बसल्यासारखं वाटतं म्हणून आपण अ चे मार्क कापले, टुणटुण करते म्हणून क ला नावं ठेवली, मग याची चिडचिड तरी का मोजायची नाही. तोही रोज दीड तास त्या सीटवरच असणार आहे. मी तक्त्यात एक ओळ वाढवली, कोण किती कुरकुरणार. प्रत्येकाने स्वतःपुरते दहापैकी मार्क द्यायचे, मालकावरून, देशावरून, आवाजावरून, कशावरूनही, कारण द्यायची सक्ती नाही.
त्या ओळीत ब आपटली, क पण आपटली (दिरांनी शून्य दिलं, ते गाडीत बसणारसुद्धा नाहीत तरी). अ आणि ड राहिल्या. मग गुडघ्याने निकाल लावला.

चुंबक
ही कुरकुरीची ओळ आमच्या कुठल्याच चाचणीत नाही. बॅटरी कुठली ते लिहून घेतलंत ना?

पारिजात_७
हो दादा, शिक्क्यासकट. एलएफपी नाही, ८० वर थांबवायचं सेटिंग पहिल्याच दिवशी करून घेणार. व्हीआयएन टाकून रिकॉल तपासलं, एक होतं, काम झाल्याचा कागद मागितला आणि तो मिळेपर्यंत ताबा घेणार नाही म्हणून सांगितलंय. मागचं दार सासूबाईंनी तीनदा उघडून बंद केलं, सेल्सवाला घाबरला. घरचा चार्जर पुढच्या आठवड्यात बसतोय.

तोंडओळख
म्हणजे शेवटी आयडी.४ का?

पारिजात_७
नाव लिहिलं तर धाग्याची पुन्हा पहिल्या पानापासून सुरुवात होईल.

निवांत_काका
रंग तरी सांगा.

पारिजात_७
त्यावर अजून एकमत नाही. नवा तक्ता केलाय.